काटे न काढलेला मासा

माशाचे काटे काढायचे राहिले हे थोरलीच्या लक्षात आलं, तेव्हा शब्बाथच्या मेणबत्त्या लावून पाव तास होऊन गेला होता. तिनं भांड्यावरचं झाकण उचललं, पाहिलं, परत ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. शुक्रवारचा सूर्य बुडाला की या ज्यू घरात अर्धं काम अर्धंच राहतं. शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत सुई चालत नाही, शेगडी पेटत नाही, आणि निवडणं-टिपणं तर नाहीच नाही. दोन वर्षांत, आजारपणाचे दोन सोडले तर, तिनं एक शुक्रवार चुकवला नव्हता. आता चुकवला तोही कधी, तर नणंद आणि दीर दोघं घरात मुक्कामाला असताना.

उद्या दुपारचा मासा सासऱ्यांसाठी होता. बाबा शहाऐंशीचे. दोन वर्षांपूर्वी असाच एका शनिवारी केसाएवढा काटा त्यांच्या घशात रुतला, आणि थोरलीनं हॉस्पिटलच्या बाकावर पाच तास काढले. नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, त्यामुळे बाकावर शेजारी बसायला कुणी नव्हतं. त्या दिवसापासून तिनं नेम धरला. शुक्रवारी दुपारी मासा शिजवायचा, गार करायचा, रफूच्या टेबलावरचा दिवा ओट्याशी आणायचा आणि बोटांनी चाचपून एकेक काटा काढायचा, तीनदा. लोकांच्या कोटांची भोकं बुजवून तिची बोटं अशी तयार झाली होती की डोळे मिटूनही काटा सापडे.

आज मात्र मासा गार होत असतानाच जिन्यातलं बोलणं कानावर आलं. स्वयंपाकघराची खिडकी जिन्याच्या वळणावर उघडते, हे या घरात वाढलेल्या दोघांनाही आठवलं नाही.

"बाबांना मी नेते," नणंद, म्हणजे ताई, म्हणत होती. "वॉर्डात दिवसभर म्हातारी माणसंच सांभाळते मी. त्यात आणखी एक."

"आणि वहिनी?" दिराचा, छोटूचा आवाज.

"त्यांचं काय. दादा होता तोवर ठीक होतं. त्यांना त्यांचा भाऊ आहे की. महिनाअखेरीला घरमालकाच्या हातात किल्ली देऊन मोकळं होऊ."

"हं," छोटू म्हणाला. "बघ बाई, तू म्हणशील तसं."

थोरलीनं माशावर झाकण ठेवलं, भांडं कपाटात सरकवलं आणि झाडलेलं स्वयंपाकघर पुन्हा झाडलं. सतरा वर्षं ती या घरात सून होती. त्यातली पाच तर नवऱ्याशिवायची. आपण इथल्या कोण, हा प्रश्न तिला त्या दिवसापर्यंत कधी पडलाच नव्हता.

शनिवारी प्रार्थनेहून सगळे परत आले आणि टेबलाशी बसले. बाबांच्या पाठीशी दोन उशा, गळ्याशी रुमाल. द्राक्षरसाचा आशीर्वाद झाला, पाव मोडून झाला. बाबांनी आपला तुकडा सूपमध्ये भिजवून सावकाश संपवला. त्यांचं सगळंच सावकाश असे. डोकं मात्र लख्ख होतं, पण ते लोकांना पटकन दिसत नसे, कारण उत्तर यायला वेळ लागे आणि तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले असत.

थोरलीनं अंडी आणली, शिजवलेल्या भाज्या आणल्या. माशाचं नाव काढलं नाही. चाललं तर चाललं, असं तिच्या मनात होतं.

"मासा कुठंय?" बाबा म्हणाले.

"आहे ना," ताई म्हणाली. "मीच आणलाय काल. नदीचा, बाबा. तुम्हाला आवडतो तो. पिशवीतून शेपूट बाहेर आलेली, गाडीत सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनी, आणा की."

थोरली उठली. मासा आणून तिनं टेबलाच्या मधोमध ठेवला. ताईनं तो आधी काट्याचमच्यानं दाबून पाहिला आणि तिचा हात थांबला. नर्स ती. जिथं बघायचं तिथंच तिची नजर जाते.

"वहिनी, ह्यात काटे आहेत."

"हो."

"काढले नाहीत?"

"राहिले."

"राहिले म्हणजे? दोन वर्षांपूर्वीचं विसरलात का तुम्ही?"

थोरलीनं भाज्यांचं भांडं ताईकडे सरकवलं. बोलायला गेलं तर जिनाच तोंडातून बाहेर पडला असता, आणि शब्बाथच्या टेबलावर तिला तो आणायचा नव्हता.

"म्हणूनच म्हणते मी," ताई छोटूकडे वळून म्हणाली, "की आता हे यांच्याच्यानं होत नाही."

छोटूनं मान खाली घातली. अठ्ठेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस घरात अजून छोटूच होता, आणि ताईनं मोठ्यानं श्वास घेतला तरी त्याचे कान गरम होत. आताही झाले. पण या वेळी कारण वेगळं होतं. मान खाली घालताना त्याची नजर स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली होती आणि थेट खिडकीवर पडली होती. खिडकी उघडी होती. तिच्यातून जिन्याचा कठडा दिसत होता, आणि कठड्यावर काल त्यानं ठेवलेला चहाचा कप अजून तिथंच होता.

लिफ्ट मधेच का थांबली हे शोधायला त्याला एरवी फार वेळ लागत नाही. इथंही लागला नाही. काल चारला मासा गार होत होता. काल चारला ते दोघं जिन्यात होते. वहिनींचा हात तिथं थांबला. आपण काय म्हणालो होतो? ‘तू म्हणशील तसं.’ छोटूनं चमचा खाली ठेवला.

"माझ्या पर्समध्ये चिमटा आहे," ताई म्हणत होती. "पाच मिनिटांत काढून देते सगळे."

"ठेव तो," बाबा म्हणाले.

"बाबा, जिवाचा प्रश्न असला की शब्बाथलाही सगळं चालतं. तुम्हीच शिकवलंत."

"जिवाचा प्रश्न असता तर मीच काढले असते, वन्सं," थोरली म्हणाली. "पण मासा खाल्ला नाही म्हणून कुणाचा जीव जात नाही. अंडी आहेत, भाज्या आहेत."

"मला मासा हवाय," बाबा म्हणाले.

झालं. आता बोलणार कोण? थोरलीनं उठून हात धुतले, आपली खुर्ची बाबांच्या शेजारी ओढली आणि माशाचं भांडं जवळ घेतलं. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी तिला शिकवलं होतं: शब्बाथच्या दिवशी नको ते काढायचं नाही, हवं ते घ्यायचं. चाळणीनं नाही, चिमट्यानं नाही, हातानं. आणि लागेल तेवढंच, लगेच खाण्यापुरतं. संध्याकाळसाठी म्हणून साठवायचं नाही. तेव्हा तिला हे सगळं फार किचकट वाटलं होतं. नंतर अंगवळणी पडलं.

तिनं अंगठा आणि तर्जनीत माशाचा नखाएवढा पापुद्रा उचलला, चोळून पाहिला आणि बाबांच्या तोंडात दिला. मग दुसरा. तिसऱ्यात काटा लागला. तो तिनं ओढला नाही. तो पापुद्रा होता तिथंच सोडला आणि शेजारचा घेतला. बाबा डोळे मिटून चावत होते.

बाबांचं जेवण झाल्याशिवाय टेबलावरून कुणी उठत नाही, ही या घरची रीत. त्यामुळे सगळे बसून राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माशाची जेमतेम एक बाजू उघडी पडली होती. छोटूनं आपल्या ताटातल्या भाजीचे इतके बारीक तुकडे केले की ते आता चमच्यात येईनात.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "काल आपण जिन्यात बोलत होतो, तेव्हा ती खिडकी उघडी होती."

ताईनं खिडकीकडे पाहिलं. मग थोरलीकडे.

"वहिनींनी ऐकलं," छोटू म्हणाला. "म्हणून काटे राहिले. यांच्याच्यानं होत नाही म्हणून नाही. आणि मी तिथं उभा राहून हं हं करत होतो. मला लाज वाटते, वहिनी. मी माफी मागतो."

"राहू द्या, भाऊजी," थोरली म्हणाली. "घास चुकेल माझा."

"राहू कसं द्यायचं? आम्ही वर्षातून चारदा फोन करतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो. इथं रोज कोण उठतं? मी तर तीन तासांवर राहतो. तीन तास काही लांब नाही."

ताईला त्याचा राग यायला हवा होता. लहानपणापासून त्यानं तिची बाजू सोडली नव्हती, आणि सोडली ती आज, भर टेबलावर. पण तिला राग आला नाही. ती थोरलीच्या बोटांकडे बघत बसली होती.

तिच्या वॉर्डात आठ माणसं होती आणि दुपारचं जेवण चाळीस मिनिटांत उरकायचं असे. माणशी पाच मिनिटं. सगळं मिक्सरमधून काढलेलं, हिरवं काय नि पिवळं काय, चव एकच. कामात ती चांगली होती, तिच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. पण आपल्या वॉर्डात कुणी डोळे मिटून जेवताना पाहिल्याचं तिला आठवेना. इथं बाबा डोळे मिटून जेवत होते. पुढचा घास येईल, नीट येईल आणि त्यात काटा नसेल, याची त्यांना एवढी खात्री होती.

"दर शुक्रवारी किती वेळ लागतो तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तास. मोठा असला तर दीड."

"दोन वर्षं."

"आजारी पडले तेव्हा अंड्यावर भागवलं की. दोनदा."

ताईनं काटाचमचा ताटाच्या कडेला ठेवला. मग बोलायला लागली ती ताटाकडे बघूनच. "आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते. दादा गेला तेव्हा ड्यूटी संपवून निघालेली, गाडीत. दोन्ही वेळा दुसऱ्यांचे आईबाप, दुसऱ्यांचे भाऊ सांभाळत होते मी, आणि आपली माणसं तुमच्या हातात गेली. निदान बाबांच्या वेळी तरी मी असावं, एवढंच डोक्यात होतं. तुम्हाला काढायचं म्हणून नाही, वहिनी. पण तुम्ही त्यात कुठं बसता याचा मी विचारच केला नाही. ते जास्त वाईट."

"वाईट आहेच," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिनं ते गिळलंही नाही. "रात्रभर झोपले नाही मी. भावाकडे जायचं म्हणजे काय सांगून जायचं? नवरा गेला, सासरा नेला, आता मला घ्या?" तिनं एक घास बाबांना दिला. "आणि तुम्हाला बाबांजवळ असायचं आहे ना? मग या ना इथं. नेता कशाला?"

इतकं सोपं काहीतरी कुणी म्हणेल असं ताईला वाटलं नव्हतं.

"मला कुणी विचारलं का?" बाबा म्हणाले.

तिघंही त्यांच्याकडे वळले. बाबांनी डोळे उघडले, रुमालानं ओठ टिपले आणि शब्द गोळा करायला वेळ घेतला. आज कुणी पुढच्या विषयावर गेलं नाही.

"एकोणचाळीस वर्षं पोस्टात पत्रं लावली मी," ते म्हणाले. "ह्या गावचं ह्या खणात, त्या गावचं त्या खणात. सहा दिवस. सातव्या दिवशी माझी पाळी दुसरा घ्यायचा, त्याच्या सुट्टीला मी जायचो. तुमची आई म्हणायची, घरी तरी हात आवरा, चमचे लावू नका." ते थांबले, श्वास घेतला. "नवीन माणूस आला की एकच चूक करायचा. पत्ता न वाचता पत्र खणात टाकायचा. आकार बघून. कुणाचं आहे, कुठं जायचंय, बघायचाच नाही."

"म्हणजे मी," ताई म्हणाली.

"म्हणजे दोघंही. हा पण."

"मी काही टाकलं नाही," छोटू म्हणाला.

"तू खण उघडून धरलास."

थोरली हसली. कालपासून पहिल्यांदा हसली, आणि तिच्या हातातला पापुद्रा भांड्यात पडला. ताईलाही हसू आलं, पण त्याबरोबर डोळ्यांतलं पाणीही आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

"मग पत्ता काय, बाबा?" तिनं विचारलं. "तुम्हाला कुठं राहायचंय?"

बाबांनी हात टेबलावर ठेवला. "हा. आणि हिला मी इथं राहू देतो असं नाही. ही आहे म्हणून मी राहतो. तुझा भाऊ गेला त्या वर्षी मी खात नव्हतो. आठवत नसेल तुला, तू नव्हतीस. तिनं स्वतःचा नवरा पुरला आणि दुसऱ्या दिवसापासून मला भरवायला बसली. मला लाज वाटली, म्हणून मी तोंड उघडलं." एवढं बोलून ते दमले. "हे मी तिला कधी सांगितलं नाही. आज सांगतो."

थोरलीची बोटं माशात तशीच राहिली. घराचे पडदे, बाबांची औषधं, दर गुरुवारची किराण्याची यादी, जिन्यातला फुटलेला दिवा, सगळं ती करत आली होती, आणि कुणी आभार मानावेत अशी तिची अपेक्षाही नव्हती. निदान तिची तशी समजूत होती. आता बाबांनी ते म्हटल्यावर तिला कळलं की आपल्याला ते ऐकायचं होतं, फार दिवसांपासून. तिनं मनगटानं डोळे पुसले, कारण बोटं माशाची होती.

"सरका थोडं," ताई म्हणाली. तिनं हात धुतले होते. बाबांच्या दुसऱ्या बाजूला तिनं खुर्ची लावली आणि भांडं मधे घेतलं. "दाखवा मला."

"तुम्हाला काय दाखवायचं? नर्स तुम्ही."

"माझ्याकडे सगळं मिक्सरमध्ये घालतात. दाखवा."

थोरलीनं दाखवलं. ताईनं एक तुकडा चिमटीत धरला, आत काटा लागला, आणि सवयीनं तिची नखं तो ओढायला गेली. थोरलीनं तिचं मनगट धरलं.

"काटा सोडा. तो असू दे तिथंच. मासा घ्या."

"तसाच सोडायचा?"

"तसाच. त्याच्या मागं लागलात तर बाबा उपाशी राहतील."

ताईनं काटा सोडला. शेजारचा पापुद्रा उचलला, दोनदा चाचपला, तिसऱ्यांदा चाचपला. बाबांनी तोंड उघडलं. ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली, घास खाली उतरेपर्यंत.

"बरं आहे," बाबा म्हणाले. "पुढचा लवकर दे. मला भूक आहे."

मग दोघी आळीपाळीनं देऊ लागल्या, एक घास इकडून, एक तिकडून. छोटूनं पाणी आणलं, पाव आणला, आणि येताना जिन्यातला कप उचलून आत ठेवला. पुढच्या महिन्यापासून आपण दर दुसऱ्या शुक्रवारी येऊ, असं त्यानं जाहीर केलं. ताईनं विचारलं, "तू काय करणार येऊन?" तर म्हणाला, "मासा आणीन. आणि काटे काढताना वहिनींशी गप्पा मारीन, म्हणजे त्यांना जिन्यातलं ऐकू येणार नाही." वर्षातून एक महिन्याची रजा आपली शिल्लकच पडते, ती इथं घालवू, असं ताई म्हणाली. इथं झोपायला कॉट कुठली, यावरून दोघांत जरा वाजलं. थोरलीनं त्यात भाग घेतला नाही. कॉट कुठली ते तिला ठाऊक होतं, गादीही तिनं मनात उन्हात घातली होती.

मासा संपायला सव्वा तास लागला. भांड्यात सगळा सांगाडा जसाच्या तसा राहिला, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

जेवणानंतरची प्रार्थना बाबांनी सुरू केली आणि बाकीच्यांनी उचलली. तिच्यात एक जागा अशी येते, की ज्याच्या घरी आपण जेवलो त्या घरच्या धन्याला आणि त्या घरच्या मालकिणीला आशीर्वाद मागायचा असतो. माहेरी आलेली मुलगी तिथं आपल्या बापाचं आणि आईचं नाव घेते. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ताई तिथं बाबांपर्यंत येई आणि पुढचे शब्द गिळून टाके. सगळ्यांना ते माहीत होतं, आणि त्या जागी सगळे जरा मोठ्यानं म्हणत, म्हणजे ती पोकळी ऐकू येऊ नये.

आज ताईनं हात वर केला, तसे बाकीचे थांबले.

तिनं बाबांकडे बघून घरच्या धन्यासाठी आशीर्वाद मागितला. मग ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वळली. थोरली पदरानं हात पुसत होती आणि तिचं लक्ष नव्हतं.

"आणि या घरच्या मालकिणीला," ताई म्हणाली, "माझ्या वहिनीला."

"आमेन," बाबा म्हणाले. त्यांना एरवी उत्तराला वेळ लागे, या वेळी लागला नाही. छोटूही म्हणाला.

आपल्याच नावाच्या आशीर्वादावर आमेन म्हणायचं की गप्प राहायचं, हे थोरलीला कळेना. सासूबाईंनी एवढं सगळं शिकवलं, पण हे शिकवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. तिनं बाबांकडे पाहिलं.

"म्हणा, वहिनी," छोटू म्हणाला. "तुमच्यासाठी थांबलोय आम्ही."

तेव्हा ती म्हणाली.